चार पानांचे युद्धशास्त्र

संशयी : तुमच्या उत्साहावर पाणी टाकण्याचा माझा हेतू नाही, परंतु ज्या खेळाचे नियम एका जाडजूड ग्रंथात मावत होते ते २०१५ मध्ये चार पानांत मावू लागले, एवढ्या एकाच गोष्टीवरून खेळ सुधारला असा निष्कर्ष काढण्याची तुम्हा मंडळींची घाई मला समजत नाही. इंग्लंडातील गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘वॉरहॅमर’ हा काल्पनिक फौजांच्या लढाईचा खेळ १९८३ साली निघाला, आणि त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ, आठ आवृत्त्यांतून, लोक तो खेळले. त्यात बोटाएवढे पुतळे चौकोनी बैठकींवर बसवलेले असत, ते रांगा धरून पलटणीने उभे राहत, आणि पलटण वळवायची तर तिचा एक कोपरा स्थिर ठेवून दुसरा मोजपट्टीने फिरवावा लागे. पलटणीला आघाडी होती, बगल होती, पिछाडी होती. मागच्या रांगांचे बळ लढाईच्या हिशेबात धरले जाई. शत्रू भयंकर असला तर आपली माणसे डगमगतात की काय, याचाही फासा टाकावा लागे. जुलै २०१५ मध्ये हे सारे संपले. ‘एज ऑफ सिग्मार’ या नावाने चार पानांचे नियम फुकट वाटण्यात आले, त्यांत पलटण मोडून पुतळे सुटे झाले, बगल आणि पिछाडी नाहीशी झाली, आणि कोणत्या पुतळ्याची किंमत किती पॉइंट हे ठरविणारी पद्धतही काढून टाकली गेली. ज्याने जेवढे पुतळे आणले असतील तेवढे त्याने मांडावेत! याला तुम्ही सुलभीकरण म्हणता. मी याला खेळाची जप्ती म्हणेन.

उत्साही : जप्ती ही मालमत्तेची होते, आणि तुमच्या तोंडून हा शब्द सहज निघाला यातच तुमच्या दुःखाचे मूळ आहे असे मला वाटते. वतन खालसा झाल्यावर जुन्या मिरासदाराची जी अवस्था होते, ती २०१५ च्या उन्हाळ्यात या खेळाच्या जुन्या जाणकारांची झाली. ज्याने वर्षानुवर्षे खपून आठव्या आवृत्तीची कलमे मुखोद्गत केली, दोन पलटणींचे कोपरे कोठे भिडतात आणि कोठे चुकतात यावर ज्याचा शब्द क्लबात अखेरचा मानला जाई, त्याचे ज्ञान एका सकाळी निरुपयोगी ठरले. त्याची व्यथा खरी आहे, हे मी नाकारीत नाही. पण त्या ज्ञानाच्या दाराबाहेर कोण उभे होते, याचा विचार तुम्ही केला आहे काय? २०१० साली निघालेल्या त्या आठव्या आवृत्तीच्या ग्रंथाची पाने पाचशेंवर होती. त्यांतली पुष्कळशी कथांची आणि चित्रांची असली, तरी नवख्या मुलाला ते कोण सांगणार? तो वजन पाहूनच परत फिरे. शिवाय त्या आवृत्तीने दहा-दहांच्या रुंद रांगांना विशेष बळ दिले होते. तेव्हा आधी शेकडो पुतळे विकत घ्यायचे, तासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग पहिली लढाई खेळायची. आता पाच-दहा पुतळे आणि दोन फासे असले, तरी संध्याकाळ सत्कारणी लागते. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ लिहिले तेव्हा खेळण्यातल्या तोफेतून लाकडाचे तुकडे उडवून शिशाचे शिपाई पाडले, आणि हातघाईत माणसास माणूस वजा केला. त्याच्या खेळाला कोणी अडाणी म्हटले नाही.

संशयी : वेल्सची तोफ नेमकी लागली पाहिजे, तेव्हा तेथे निदान नेम धरण्याचे कौशल्य होते, ते असो. मिरासदारीचा आरोप मी अर्धा पत्करतो. कष्टाने मिळविलेल्या ज्ञानाबद्दल माणसाला ममत्व वाटले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पेटीवादकाला कोणी सांगितले की उद्यापासून तीनच पट्ट्या ठेवणार आहोत, तर तो रागावेल, आणि तो मिरासदार आहे म्हणून रागावला असे आपण म्हणणार नाही. पण माझा मुद्दा ममत्वाचा नाही. बगलेचा नियम नेमके काय करीत होता ते पाहा. पलटण झटकन वळत नसे, म्हणूनच तिला कोणत्या दिशेला तोंड करून उभी करायची हे दोन पाळ्या आधी ठरवावे लागे. आणि ते ठरविताना प्रतिपक्षी घोडदळ तिसऱ्या पाळीला कोठे असेल याचा अंदाज बांधावा लागे. म्हणजे ते वळणाचे कलम हे नुसते मोजमापाचे कलम नव्हते. त्याच्या आधारावर एक संपूर्ण मसलत उभी होती. पुतळे सुटे झाल्याबरोबर ती मसलत गेली, कारण सुटा पुतळा मन मानेल तिकडे वळतो आणि मागून मार खाल्ला काय नि पुढून खाल्ला काय, त्याला फरक पडत नाही. त्यात अंतर मोजायचे ते बैठकीपासून नव्हे, तर पुतळ्याच्या कोणत्याही टोकापासून! ज्याच्या शिपायाचा भाला लांब, तो अर्धा इंच आधीच पुढे. आणि जुन्या फौजांसाठी जी नवी पत्रके काढली, त्यांत काय होते? एका सरदाराच्या पत्रकात लिहिले होते की तुमच्या मिशा प्रतिस्पर्ध्याच्या मिशांहून भारदस्त असतील तर चुकलेला फासा पुन्हा टाका. सेट्रा नावाच्या राजाच्या पत्रकात होते की खेळताना तुम्ही कोणत्याही कारणाने गुडघे टेकलेत तर लढाई हरलात. टेबलाखाली पडलेला फासा उचलताही येऊ नये! वर्षानुवर्षे जपलेल्या फौजेच्या धन्याला हे वाचून काय वाटले असेल? तुझी फौज आता थट्टेचा विषय आहे, असेच त्याला सांगण्यात आले.

उत्साही : मिशांच्या कलमाचे समर्थन मी करणार नाही, जरी ते वाचून मी हसलो होतो हे खरे. पण तुम्ही बगलेचा जो युक्तिवाद केलात, त्याने तुमचा मूळ पक्ष दुबळा होतो, हे तुमच्या ध्यानात आले नाही. फिल बार्कर हे नाव तुम्हाला परिचित असेलच. ज्या वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने प्राचीन लढायांचे अत्यंत तपशीलवार नियम आवृत्तीमागून आवृत्ती प्रसिद्ध केले, त्याच्या कर्त्यांपैकीच हे एक. त्याच गृहस्थाने १९९० साली आपल्या सहकाऱ्यांसह ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ही चिमुकली पुस्तिका काढली. तीत प्रत्येक फौज बारा तुकड्यांची. प्रत्येक पाळीला एक फासा टाकायचा आणि जितके ठिपके पडतील तितक्याच हालचालींचा हुकूम सोडायचा. झुंजीत दोघांनी एकेक फासा टाकून आपापले बळ त्यात मिळवायचे, कमी पडला तो मागे हटला, निम्म्यावर किंवा त्याखाली गेला तो बहुधा नष्ट झाला. चार तुकड्या गमावल्या की फौज हरली. शिपायांच्या मृत्यूची नोंद नाही, कागद नाही, पेन्सिल नाही. लढाई तासाभरात आटपते. आणि तरीही तेथे बगल आहे, आणि कशी आहे! बगलेला शत्रू चिकटलेला असताना मागे हटण्याची वेळ आली की ती तुकडी जागीच संपते. फाशावर एक पडला आणि दोन ठिकाणी आग लागलेली असली, तर कोणती विझवायची हे ठरविताना माणसाला घाम फुटतो. तेव्हा तुमचा झगडा संक्षेपाशी नाही. विशिष्ट संक्षेपाशी आहे.

संशयी : हे मी आनंदाने मान्य करतो, आणि तुमचे आभारही मानतो, कारण माझे म्हणणे मला आता अधिक नेमकेपणाने मांडता येईल. नियमांची काटछाट दोन प्रकारची असते. एकीत दप्तर कमी होते : बेरजा, नोंदी, कोष्टके, कोणता शिपाई कितवा मेला याची बारनिशी. दुसरीत निर्णय कमी होतो. बार्करने दप्तर जाळले आणि निर्णय राखला. २०१५ च्या कर्त्यांनी दोन्ही एकाच चुलीत घातले. मात्र बार्करच्या पुस्तिकेविषयी एक गोष्ट तुम्ही सोयीने वगळलीत. ती इतकी आटीव भाषेत लिहिलेली आहे की एकेका वाक्याचा अर्थ लावताना खेळाडूंत तंटे झाले, आणि अखेर तिच्या चाहत्यांना आकृत्यांसह तिचे विवरण लिहावे लागले. ते मूळ नियमांपेक्षा मोठे झाले. सूत्र लहान आणि भाष्य अवाढव्य, ही परंपरा आपल्याला काही नवी नाही. तेव्हा पानांची संख्या सांगून कोणी सोपेपणाची ग्वाही देऊ लागला की मी विचारतो, भाष्य कोठे आहे? चार पानांच्या खेळात ते प्रत्येक पुतळ्याच्या पत्रकावर विखुरलेले होते. शंभर पत्रकांवर शंभर अपवाद. ते एकत्र बांधले असते तर तुमची पुस्तिका जुन्या ग्रंथाएवढीच झाली असती.

(दोघेही असे बोलत आहेत की जणू खेळाडू नियम वाचून खेळ शिकतो. वस्तुतः बहुतेक जण टेबलापलीकडच्या माणसाकडून शिकतात, त्याच्या चुकांसकट. आणि पुस्तक उघडले जाते ते भांडण झाल्यावर. पण हे त्यांना सांगून उपयोग नाही.)

उत्साही : अपवाद पत्रकावर असला तर तो ज्याच्या पुतळ्याचा आहे त्यानेच लक्षात ठेवायचा असतो, सर्वांनी सर्व काही पाठ करायचे ही सक्ती जाते, हा काही लहानसहान लाभ नाही. पण तुमचे दप्तर आणि निर्णय हे वर्गीकरण मला उपयोगी वाटते, आणि त्याच्याच आधाराने मी तुम्हाला प्रशियात नेतो. १८२४ मध्ये तोफखान्याचा एक तरुण अधिकारी, फॉन राइसविट्स, याने आपल्या वडिलांच्या कल्पनेला नवे रूप देऊन जो ‘क्रीग्सश्पील’ रचला, तो नकाशावर धातूचे ठोकळे मांडून खेळायचा होता. त्यात फासे होते, हानीची कोष्टके होती, आणि प्रत्येक पाळी लढाईतल्या दोन मिनिटांची होती. प्रशियाच्या लष्कराने तो शिक्षणासाठी स्वीकारला. पुढे त्या कोष्टकांचा इतका भार झाला की अधिकारी कंटाळले, आणि १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्नुआने, जो फ्रान्सशी झालेल्या युद्धात प्रत्यक्ष सेनाप्रमुख मोल्टकेच्या हाताखाली होता, कोष्टके आणि फासे बाजूस सारून सांगितले की अनुभवी पंच निवाडा देईल तो प्रमाण. कोणाचे मनोरंजन व्हावे म्हणून त्याने हे केले नाही, आणि पुतळे खपावेत म्हणूनही नाही. ज्यांना खरे युद्ध ठाऊक होते त्यांनीच नियम टाकून दिले. मग सुलभीकरण म्हणजे उथळपणा, हे समीकरण टिकते कोठे?

संशयी : टिकत नाही, पण त्याच्या जागी जे उभे राहते ते तुम्हाला अधिक अडचणीचे आहे. व्हेर्डीने कोष्टके टाकली तेव्हा कोष्टकांचे काम टाकले नाही. ते एका माणसाच्या स्वाधीन केले. तो माणूस पदाने वरिष्ठ होता, युद्ध पाहिलेला होता, आणि त्याचा निवाडा मानणे हा खेळणाऱ्यांच्या नोकरीचाच भाग होता. म्हणजे नियम कमी झाला तेथे अधिकार वाढला. आता २०१५ कडे या. पॉइंट काढले, म्हणजे दोन फौजा तुल्यबळ आहेत की नाही हे ठरविण्याचे काम पुस्तकाने सोडले. ते कोणी उचलले? पंच तर नव्हता. ते दोन अनोळखी खेळाडूंच्या भिडेवर पडले. दुकानात आलेला एक जण सहा अजस्र राक्षस मांडतो, दुसऱ्याजवळ चाळीस भालाईत आहेत. आता पहिल्याने दुसऱ्याला काय म्हणावे? ‘माझे दोन काढतो’ असे म्हणणारा सज्जन असतो, पण सज्जनपणावर चालणाऱ्या कारभाराला खातरजमा लागते. नियमकर्त्यांनी यावर एक तोड काढली होती : ज्याचे पुतळे एक तृतीयांशाने अधिक, त्याच्या प्रतिपक्षाने झटपट विजयाची एक अट निवडावी. मोजायचे ते पुतळे, त्यांचे बळ नव्हे! तेव्हा सवलत मिळाली ती राक्षसवाल्याला, कारण त्याचे सहाच होते. दुर्बळाला संरक्षण देण्यासाठी काढलेले कलम बलवानाच्या पदरात पडले.

उत्साही : त्या कलमाचा बचाव अशक्य आहे. पण पुढे काय झाले तेही सांगा ना! थोड्याच महिन्यांत ब्रिटनमधल्या स्पर्धा भरविणाऱ्या खेळाडूंनी स्वतःच पॉइंटांच्या याद्या तयार केल्या, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात कंपनीने ‘जनरल्स हँडबुक’ काढून अधिकृत पॉइंट परत दिले. ज्यांना मोकळा खेळ हवा त्यांना तो, कथेच्या अंगाने खेळायचे त्यांना तो, आणि मोजूनमापून झुंजायचे त्यांना पॉइंटांचा, अशी तीन दालने उघडली. खेळ रुळावर आला. ध्यानात घ्या, परत काय आले? पॉइंट आले; वळणाचा कोपरा आला नाही, बगल आली नाही. लोकांनी ज्याच्यासाठी आक्रोश केला ते तुमचे निर्णय नव्हते. अनोळखी माणसाशी निर्धास्तपणे खेळता यावे एवढीच त्यांची मागणी होती. दुसरा पुरावा देतो. त्याच कंपनीच्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळाची आठवी आवृत्ती जून २०१७ मध्ये आली, तेव्हा तिनेही असाच कोयता चालविला : स्फोटाची व्याप्ती दाखविणाऱ्या चकत्या गेल्या, रणगाड्याचे पुढचे, बाजूचे आणि मागचे चिलखत वेगवेगळे मोजणे गेले. म्हणजे तुमची बगल तेथेही मारली गेली! तरीही २०१५ सारखा हाहाकार झाला नाही, कारण पॉइंट पहिल्या दिवसापासून होते आणि खेळाचे जग जागच्या जागी होते. २०१५ मध्ये तर नियम बदलण्याआधी कंपनीने ते जुने जगच कथेत नष्ट केले होते. ज्या शहरांची, राजघराण्यांची आणि नद्यांची नावे खेळाडूंना पाठ होती ती सगळी एका फटक्यात इतिहासजमा झाली. एका खेळाडूने आपली फौज जाळून तिचे चित्रण लोकांना दाखविले, ते काय चार पानांच्या रागाने? माणसे एका गोष्टीसाठी रडत होती आणि दुसरीला शिव्या देत होती.

संशयी : दोन शोक एकात मिसळले होते हे तुमचे निदान मला पटते, आणि आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी जे अतिशयोक्तीचे आरोप होते त्यांचे ते बऱ्याच अंशी उत्तर आहे. पण ‘बगलेसाठी कोणी आक्रोश केला नाही’ हा तुमचा पुरावा सदोष आहे. २०१६ मध्ये तुम्ही ज्यांना विचारलेत ते टेबलापाशी उरलेले लोक होते. ज्यांना बगल हवी होती ते तोवर उठून गेले होते, आणि गेलेल्या माणसाची तक्रार कोणत्याच दप्तरात रुजू होत नाही. ते गेले कोठे? त्यांतल्या काहींनी मिळून ‘नाइन्थ एज’ या नावाने स्वतःचे नियम लिहिले आणि पलटणी जिवंत ठेवल्या. काही जुनीच आवृत्ती खेळत राहिले. आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने ‘द ओल्ड वर्ल्ड’ काढला : तेच जुने जग, त्याच चौकोनी बैठकी, त्याच रांगा, तेच कोपऱ्यावरचे वळण. व्यापारी माणूस आठ-नऊ वर्षांनी एखादी गोष्ट परत आणतो, ती कोणाची तरी मागणी शिल्लक असल्याखेरीज नव्हे.

उत्साही : मागणी होती, हे कबूल, म्हणूनच दोन्ही खेळ आज शेजारी शेजारी विकले जातात, आणि माझ्या मते हाच खरा तोडगा आहे. पण तुम्ही एका गोष्टीला अजून हात लावलेला नाही. क्लिष्टता ही नेहमी कोणी विचारपूर्वक उभारलेली इमारत नसते. ती साचते. ‘४०,०००’ चेच पाहा : २०१७ मध्ये साफ केलेले अंगण पुरवण्या, विशेष डावपेच आणि दुरुस्तिपत्रे यांनी पुन्हा इतके भरले की २०२३ च्या दहाव्या आवृत्तीत कंपनीला पुन्हा झाडू घ्यावा लागला. यातले प्रत्येक कलम येताना कोणाला तरी आवश्यकच वाटले असणार. तेव्हा ‘या नियमाच्या पोटात कोणता निर्णय आहे’ हा तुमचा प्रश्न विचारला, तर प्रत्येक नियमाचा वकील एखादा निर्णय दाखवीलच.

संशयी : दहाव्या आवृत्तीचे नाव काढलेत ते बरे झाले. तिने शस्त्रांचे वेगळे पॉइंट काढून टाकले. सैनिकाला साधी बंदूक द्या की भारी तोफ द्या, किंमत एकच. दप्तर कमी झाले खरे. पण आता साधी बंदूक कोण घेईल? पूर्वी स्वस्त आणि महाग यांत निवड होती. आता एकच शहाणपणाचे उत्तर आहे. हा नियम दप्तराचा समजून कापला गेला, आणि कापल्यावर आतून निर्णय निघाला.

उत्साही : पूर्वी तरी ती निवड होती काय? जाणकार मंडळी कोष्टक मांडून सर्वांत किफायतशीर शस्त्र शोधून काढीत, आणि आठवड्याभरात सारे तेच घेत. उत्तर आधीही एकच होते. फक्त ते शोधण्यास त्रैराशिक लागे आणि नवख्याला ते येत नसे. त्याला तुम्ही निर्णय म्हणा, मी परीक्षाशुल्क म्हणतो. आणि खरी अडचण येथेच आहे. नियम कापल्याने काय गेले हे फक्त जुन्या खेळाडूला दिसते, कारण नवख्याला ते कधी मिळालेच नव्हते. आणि नियमाचा भार किती हे फक्त नवख्याला कळते, कारण जुन्याच्या अंगवळणी पडल्यामुळे त्याला तो जाणवतच नाही. मग निवाडा कोणी द्यायचा?

संशयी : तुम्हाला हवा असलेला पंच या दोघांत मिळणार नाही, इतके खरे. पण मी नवख्याला बगल शिकवून दाखवीन, आणि मग त्यालाच विचारीन.

उत्साही : शिकवा. अट एकच : ग्रंथ त्याच्या हातात द्यायचा नाही. चार पाने त्याच्यापुढे ठेवा, आणि तोंडी एक कलम त्यांत घाला : मागून हल्ला केला तर एक अधिक. तेवढे त्याला पुरेल.

संशयी : पुरेल, पहिल्या लढाईपुरते. दुसऱ्या लढाईत तो आपली पलटण माझ्या पलटणीच्या कोपऱ्यावर अशी आणून भिडवील की तिची अर्धी माणसे माझ्या बगलेला असतील आणि अर्धी पिछाडीला, आणि मला विचारील, ‘आता एक अधिक धरायचा की नाही?’

उत्साही : तेव्हा दोघांनी फासा टाकून ठरवा.

संशयी : आणि तिसऱ्या लढाईत तो मुद्दाम तसाच भिडवू लागला, तर?

उत्साही : तर तो खेळ शिकला म्हणायचे.

संशयी : होय, आणि पाचवे पान लिहायला बसावे लागेल. ते कोण लिहिणार, तो की मी?